कानामागचा रंग

"जरा खिडकीकडे नेते हिला. इथे काही दिसत नाही," माझ्या सासूबाई, दोन्या अर्सेनिया, म्हणाल्या, आणि माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी माझ्या सतरा तासांच्या मुलीला माझ्या छातीवरून उचललं.

ती नुकतीच पिऊन झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दूध तसंच होतं. सासूबाईंनी तिला उजेडात धरलं, टोपडं मागे सारलं, अंगठ्याने तिचा डावा कान पुढे दुमडला आणि कानामागची ती नखाएवढी जागा न्याहाळू लागल्या. बाजारात एवोकाडोच्या देठाशी नख लावून आतला रंग बघतात, तशा.

त्यात वावगं काही नव्हतं. आमच्याकडे सगळेच बघतात. जन्मलेलं मूल पहिले काही दिवस कसंही दिसतं, गुलाबी, पिवळट, कुणाच्याही घरी खपेल असं. खरा रंग कानामागे आणि नखांच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो. तो किती आणि कसा पसरणार, हे कळायला जाणतं माणूस लागतं.

"नक्की सांगता येत नाही," सासूबाई शेवटी म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "विनिसियो, तुझ्या सासूला बोलव. त्यांचं कधी चुकत नाही म्हणतात."

माझी आई, मिल्केया, याच विभागात एकतीस वर्षं नर्स होती. सान पेद्रोच्या या सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या अर्ध्या गावाने पहिला श्वास तिच्या हातात घेतला आहे. मीही. सहा खाटांची खोली, प्रत्येक खाटेशी घरून आणलेला एक पंखा, आणि दुपारी दोन ते चार भेटीची वेळ. त्या दोन तासांत आया, सासवा, आत्या रांगेने मुलांचे कान दुमडायच्या आणि मग एकच हाक यायची, नर्सबाई, जरा इकडे या.

आई यायची. घाई करायची नाही. कान बघायची, नखं बघायची, मुलाच्या बापाकडेही एक नजर टाकायची आणि मग निकाल द्यायची. तिच्याकडे रंगांची शिडी होती. सगळ्यात वर दूध. खाली जास्त दुधाची कॉफी. मग गव्हाळ. मग दालचिनी. शिडी तिथेच संपायची. काळा हा रंग तिच्यावर नव्हताच, कारण आमच्या देशात काळं कुणी नसतं. काळे ते सीमेपलीकडचे, हायतीचे, ऊस तोडायला येतात ते. माझे आजोबाही नेव्हिस बेटावरून ऊस तोडायलाच आले होते, पण ते बोटीने आले, इंग्रजीत बोलायचे आणि रविवारी टोपी घालायचे, म्हणून आम्ही दालचिनी.

आईची पद्धत सोपी होती. जे दिसेल त्याच्या दोन पायऱ्या वरचं सांगायचं. सासू खूश, बाळंतिणीला त्या दिवशी सूप जरा गरम मिळायचं. पुढे चार-सहा महिन्यांत मूल आपल्या रंगावर यायचंच, पण तोवर घरच्यांना कारण सापडलेलं असायचं. उन्हात खेळवलं. समुद्रावर नेलं. चॉकलेट फार पाजलं. दोष उन्हाला जायचा आणि आईचं बोलणं खरंच राहायचं. अशी तिची कीर्ती झाली होती.

मला स्वतःला हे सगळं फार वाईट वाटायचं असंही नाही. मी त्यातच वाढले. माझ्या नाकाला शेजारच्या काकूंनी कपड्यांचा चिमटा लावून बघितला होता, नाक धारदार होईल म्हणून. शनिवारची माझी प्रत्येक सकाळ डोक्यात रोलर घालून गरम हवेच्या टोपाखाली गेली. केस "खराब" आहेत हे मला माझं नाव दायानारा आहे हे कळण्याआधी कळलं असावं. मी एकदा आईला विचारलं होतं, माझा कान बघितला होतास का? ती म्हणाली, "गरजच नव्हती. दोन्हीकडून ऊसच."

विनिसियो मला लाडात "माझी काळी" म्हणतो. आमच्याकडे सगळे नवरे म्हणतात, दुधासारख्या बायकांनाही. लाडात चालतं. फक्त कुणाला खरंच तसं म्हणायचं नसतं.

आता ज्या गोष्टीमुळे त्या दुपारी जे झालं ते झालं, ती सांगते. मी चौदा वर्षांची होते. सुट्टीत आईचा जेवणाचा डबा मीच दवाखान्यात नेत असे. एक दिवस विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर आठेक महिन्यांचं मूल. योकास्ता तिचं नाव. तिच्या मुलाच्या वेळी आईने जास्त दुधाची कॉफी सांगितली होती. सासरच्यांनी तो शब्द इतका मनावर घेतला, की मुलाला एक दिवस उन्हात काढलं नाही. पडदे लावून वाढवलं. तरी मूल काळंच झालं. आता दोष द्यायला ऊनही उरलं नव्हतं. मिल्केया नर्सचं तर चुकत नाही. मग चुकली ती सूनच. हे मूल कुणाचं, असं विचारून त्यांनी तिला बाहेर काढलं होतं.

आई चादरींच्या खोलीत होती. कपाटाआड उभी. डबा घेताना ती मला म्हणाली, तिला सांग, मी आज आले नाही.

मी सांगितलं.

योकास्ताने माझ्याकडे बघितलं. मी आईची मुलगी आहे हे तोंडावर लिहिलेलं होतं. ती चिडली नाही. मुलाला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "माझ्या सासूला एवढंच सांगायचं होतं त्यांनी, की चुकलं म्हणून." मग बराच वेळ बसून ती गेली. पुन्हा आली नाही. आईने त्या दिवशी डबा तसाच परत आणला. पण कान बघणं तिने सोडलं नाही, लोक सोडू देत नव्हते. काही दिवस दोनाऐवजी एकच पायरी वरचं सांगत होती. मग पुन्हा दोन.

त्या दुपारी विनिसियोने बोलावल्यावर आई आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. मी तिच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, आई, दोन पायऱ्या. हवं तर तीन. मला लाज वाटते, पण ते खरं आहे. मोकाला, आपल्या गावी, सासूबाईंनी आमच्या बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांसाठी खोली रंगवून घेतली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यांनी पहिल्यांदाच शेजारणींना "माझी सून येणार आहे" असं सांगितलं होतं. तोवर मी "सान पेद्रोची ती मुलगी" होते. शिकलेली, केस आटोपशीर ठेवणारी. मला ती खोली हवी होती. मला ते "माझी" हवं होतं.

सासूबाईंनी आल्या आल्या आणखी एक गोष्ट केली होती. माझ्या शेजारच्या खाटेवर मार्लेन होती, उसाच्या मळ्याच्या वस्तीतून आलेली. तिच्याजवळ पंखा नव्हता, भेटायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी तिच्याकडे बघून आवाज खाली आणला आणि मला दुसरी खाट मिळते का ते आईला विचारायला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण माझा पंखा मी थोडा माझ्याकडे वळवून घेतला होता. तेवढं केलं होतं मी.

"विहीणबाई, तुम्हीच बघा," सासूबाई म्हणाल्या. "मला दालचिनी वाटते. माझ्या विनिसियोवर गेली तर गव्हाळ."

आईने हात पुसले. मुलीला घेतलं. तिचा दुमडलेला कान अंगठ्याने सरळ केला आणि टोपडं त्याच्यावर नीट ओढून घेतलं.

"कानात काय बघायचं," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. अशी होईल."

सासूबाई हसल्या. "थट्टा पुरे."

"थट्टा नाही. ही काळी होणार. माझ्यासारखी, माझ्या आईसारखी."

पलीकडच्या खाटेवरच्या दोन आत्या बोलायच्या थांबल्या. तो शब्द त्या खोलीत आपल्यातल्या कुणासाठी कुणी एवढ्या सरळ आवाजात उच्चारला नव्हता. निदान मी तरी ऐकला नव्हता.

"हळू बोला," सासूबाई म्हणाल्या. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत. एकतीस वर्षं हळूच बोलत आले."

"आपल्याच नातीला असा शाप देतं का कुणी?"

"शाप कसला. तुम्ही रंग विचारलात, मी सांगितला." आईने मुलीचं मनगट उचललं. लाल फितीत ओवलेला दृष्टीचा काळा मणी त्यावर होता, सासूबाईंनीच मोकाहून आणलेला. "मणी काळा चालतो तुम्हाला. मूल नाही चालत."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात चौथ्या खाटेवरून नेरेइदा बोलली. ती बंदरावर तळलेले मासे विकायची, हे तिचं तिसरं बाळंतपण. "नर्सबाई, मग माझ्या पोराचं सकाळी दालचिनी म्हणालात, ते?"

"खोटं," आई म्हणाली.

"किती खोटं?"

"दोन पायऱ्या."

"तरी म्हटलं, याच्या बापाकडे बघून तुम्हाला दालचिनी सुचली कुठून."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग त्या खोलीला काय झालं मला सांगता येणार नाही. पहिल्या खाटेवरची मुलगी, जेमतेम अठराची, तिने आपलंही विचारलं. तिची सासू तिला गप्प करत होती. आई तिच्याजवळ गेली, मुलाला बघितलं, कानाला हात न लावता, आणि म्हणाली, तुझ्यासारखा, आणि तुझ्यासारखाच हट्टी. सहाव्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, तुझी गोरी राहील, तिलाही जपा, तिचा दोष नाही. नेरेइदाला हसून टाके दुखायला लागले. आई एकेका खाटेशी थांबत होती. भेटीला आलेल्यांपैकी निम्मे रागावले होते, निम्मे तोंडावर हात ठेवून होते.

मार्लेनने विचारलं नाही. तिला कुणी कधी विचारू दिलं नसेल. आईच तिच्याजवळ थांबली. "तुझं तुझ्याहून काळं होणार," ती म्हणाली, "आणि तुझ्याहून देखणं." मार्लेनने चादर तोंडावर ओढली. ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. मी हात लांब करून पंखा तिच्याकडे फिरवला.

"लाज नाही कुणाला," सासूबाई म्हणाल्या.

"कानामागे थोडं काळं सगळ्यांच्याच असतं, आपलीच म्हण आहे," नेरेइदा म्हणाली. "आजीबाई, तुमचाही दाखवा की कान."

सासूबाईंचा हात आपोआप कानावरच्या बसवलेल्या केसांकडे गेला. त्यांनी पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. विनिसियो त्यांच्या मागोमाग.

आई माझा ताप बघायला आली तेव्हा मी तिच्याशी भांडले. हळू आवाजात, दात आवळून. म्हटलं, साऱ्या गावासाठी खोटं बोललीस, माझ्यासाठी एकदा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

"काही नाही," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी तू बाहेर बाकावर बसली असतीस आणि मी चादरींमागे."

तिने थर्मामीटर झटकला आणि आकडा लिहून घेतला. ताप नव्हता.

सासूबाई परत आल्या त्या शांत होऊन. खाटेच्या कडेला बसल्या, माझा हात हातात घेतला. खोली तयार आहे, म्हणाल्या. सूपसाठी कोंबड्या राखून ठेवल्या आहेत. फक्त दोन-तीन महिने मुलीचे फोटो कुणाला पाठवू नका. केस जरा वाढू देत, रंग स्थिरावू दे. विचारतील त्यांना मी सांगेन, मूल नाजूक आहे.

त्या दुष्ट नव्हत्या. त्यांचा हात उबदार होता. त्या खरोखर माझ्यासाठी वाट काढत होत्या, त्यांना दिसत होती तेवढी. मी विचारलं, आणि रंग स्थिरावला की? त्या म्हणाल्या, मग बघू. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला घरी सोडलं. विनिसियोने गाडी दाराशी लावली होती. तो फ्रीज दुरुस्त करतो. त्याची सवय अशी, की यंत्राला कान लावून आधी नुसतं ऐकायचं, बोलायचं सगळ्यात शेवटी. आदल्या दिवसापासून तो तसाच ऐकत होता. सासूबाई पुढे बसल्या. मी टाके सांभाळत मागे बसले. त्यांनी वळून एक पातळ पांढरं फडकं माझ्या हातात दिलं. "तोंडावर घाल तिच्या. रस्त्यात धूळ असते."

खिडक्या बंद होत्या. मी फडकं मुलीच्या तोंडावर घातलं. तिने श्वास घेतला तसं ते आत ओढलं गेलं, नाकाच्या दोन छोट्या खळग्यांत. श्वास सोडला, वर आलं. पुन्हा आत. अजून नावही नव्हतं तिला, आणि मी तिला झाकायला लागले होते.

मी फडकं काढलं.

"दोन्या अर्सेनिया," मी म्हणाले, "ही काळी होणार आहे. तुम्ही आज तिचा फोटो सगळ्यांना पाठवणार असाल तर मी येते."

त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या. दवाखान्याच्या फाटकाशी एक माणूस नारळ सोलत होता, त्याच्याकडे. मी दोन नारळ सोलून होईपर्यंत थांबले. मग दार उघडून उतरले.

विनिसियो बाहेर आला. त्याने माझी पिशवी हातात घेतली, पुन्हा आत ठेवली, पुन्हा घेतली. त्याला त्याच्या आईला मोकाला पोचवायला हवं होतं, चार तासांचा रस्ता. मी त्याला काही विचारलं नाही. पिशवी घेतली आणि हळूहळू चालत आईच्या घरी गेले. चार गल्ल्यांचंच अंतर होतं. वाटेत तीन जणींनी थांबवून मुलगी बघितली. एकीने सवयीने कानाकडे हात नेला. मी म्हटलं, "कशाला बघता, काळीच आहे." माझा आवाज चढला होता. ती बाई म्हणाली, "बरं बाई, देव तिला मोठं आयुष्य देवो," आणि वाटेला लागली. एवढंच. आकाश कोसळलं नाही.

शुक्रवारी आईला दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. नातेवाइकांशी उद्धट वर्तन, असा तक्रारीचा कागद आला होता. कुणाचा, ते आईने विचारलं नाही. सोमवारपासून तिची बदली खालच्या इंजेक्शनच्या खोलीत झाली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. हे तिने मला कच्ची केळी सोलता सोलता सांगितलं.

"तिथे बरं," ती म्हणाली. "लोक दंड दाखवतात. कान नाही दाखवत."

जेवताना तिने केळी दोनदा वाढून घेतली. मला माहीत होतं, त्या खोलीशिवाय तिला आयुष्यात फारसं काही नव्हतं. तिथे तिला नावाने हाक मारायचे. खाली नंबर पुकारायचे असतात. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "तुझ्यामुळे कसं? उशीर मी केला."

रविवारी दुपारी गल्लीत हॉर्न वाजला. मुलीला घेऊन दारात गेले. विनिसियोची गाडी येत होती आणि तिच्या टपावर दोरखंडाने बांधलेला एक पांढरा पाळणा होता, पाय आकाशाकडे करून, भर उन्हात. सगळी गल्ली बाहेर आली होती. कुणीतरी त्याला खुराडं समजून विचारलं, कोंबड्या विकतोस का? त्याने दोर सोडला, पाळणा खांद्यावर घेतला, दाराच्या चौकटीला दोनदा आपटला आणि आत आणून ठेवला.

मग मुलीला माझ्याकडून घेऊन तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आई येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पाळणा मी केलेला होता, म्हणून मी आणला. गादी नाही दिली. गादी नवीन आहे म्हणाली."

माझी आई पाळण्याभोवती एक फेरी मारून आली. एक पाय हलवून बघितला. त्याला म्हणाली, जेवून घे, सूप गरम आहे. मग तिने कपाट उघडून बाळंतिणींच्या विभागातले आपले चारही फिकट गुलाबी अंगरखे काढले, इस्त्री केलेले, घडीचे. खाली पांढरा गणवेश लागतो, हे आता पडून राहणार होते. ती खुर्ची दाराशी ओढून बसली. एकावर एक रचून, मध्ये जुनं पांघरूण घालून तिने ते शिवायला घेतले. मोठे, घट्ट टाके, दवाखान्यातल्यासारखे.

तासाभरात गादी झाली. वरचा अंगरखा तिने उलटा केला नव्हता. विसरली असेल, किंवा नसेल. खिसा वरच राहिला होता आणि त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेली अक्षरं, एकतीस वर्षांच्या धुण्याने जरा विटलेली: मिल्केया विलमोर, नर्स.

माझ्या मुलीने त्या नावावर गाल टेकला आणि झोपली.